सहा वर्षांपर्यंत घर, मग गावची मराठी शाळा

मे महिना लागला की बेळगावच्या आजूबाजूच्या गावांत दोन कामं एकाच वेळी निघतात. शिवारात भाताच्या धूळवाफ पेरणीची घाई असते आणि गल्लीत इंग्रजी माध्यमाच्या शाळांची माणसं दारोदार फिरत असतात. उचगाव, कडोली, येळ्ळूर, तिकडं खानापूर-नंदगडचा रस्ता, कुठंही जा, नर्सरी-एलकेजीच्या प्रवेशाचे फलक विजेच्या खांबांना बांधलेले दिसतात. व्हॅन दारात येईल, गणवेश-पुस्तकं शाळेतच मिळतील, फी हप्त्यानं चालेल. ज्याच्यासाठी हे सगळं बोलणं चाललेलं असतं ते मूल तीन वर्षांचं असतं. त्याला डावी-उजवी चप्पल अजून कळत नाही, पण आज्जीला सांगायला दिवसभराच्या गोष्टी असतात आणि त्या सगळ्या मराठीत असतात. जूनमध्ये ते व्हॅनमध्ये बसतं आणि पुढची बारा-पंधरा वर्षं ते कुठल्या भाषेतून शिकणार, हे त्याच दिवशी ठरून जातं.

माझं म्हणणं थेट मांडते. सीमाभागातल्या मराठी घरांनी तीन ते सहा या वयात मुलाला घरीच ठेवावं, रोज ठरवून, मराठीतून शिकवावं. आणि सहा पूर्ण झाली की त्याला गावच्या मराठी शाळेत पहिलीत बसवावं. यातला पहिला भाग ऐकून काहीजण चमकतात आणि दुसरा भाग ऐकून दुसरेच काहीजण नाराज होतात. मला दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे वाटतात, आणि एकाशिवाय दुसरा टिकणार नाही असंही वाटतं.

मराठी शाळांचा पट कमी होतोय, यावर आपल्याकडं पुष्कळ बोललं जातं. पण तो पट पहिलीत कमी होत नाही. तो तीन वर्षं आधीच कमी झालेला असतो. एकदा मूल नर्सरीत गेलं की ते एलकेजीत, यूकेजीत जातं, मग त्याच शाळेच्या पहिलीत. मधेच काढून मराठी शाळेत घालणारे आईबाप मी क्वचितच पाहिले. थोरल्याच्या मागून धाकटं जातं, त्यांच्या मागून चुलत भावंडं. मराठी शाळेचे गुरुजी जूनमध्ये दारात येतात तेव्हा घरात पहिलीच्या वयाचं मूल असतं, पण ते आधीच दुसऱ्या शाळेचं झालेलं असतं.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. १ नोव्हेंबरचा काळा दिन आमच्या घरात तीन पिढ्या पाळला गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात गेला, सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला, २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा सगळा इतिहास आमच्या जेवणाच्या ताटाभोवती बोलला गेला. तो लढा न्याय्य आहे असं मी मानते. मराठीतून कागदपत्रं मिळावीत ही मागणीही न्याय्य आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजीत घाला असं कुठल्याही सरकारनं कुणाला सांगितलेलं नाही. उलट, पहिली ते चौथी शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून असावं म्हणून कर्नाटक सरकारनं १९९४ मध्ये आदेश काढला होता. त्यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, राज्य ते लादू शकत नाही. म्हणजे हा निर्णय बेंगळुरूचाही नाही आणि दिल्लीचाही नाही. तो आपल्या सोप्यात, घराच्या ओसरीवर बसून आपणच घेतो.

कायद्याची बाजूही स्वच्छ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. सहाच्या आधी मुलाला शाळेत घातलंच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. कर्नाटकातही आता पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण असण्याचा नियम आला आहे. या नियमामुळं घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो. मग सहापर्यंत पोराचं करायचं काय?

त्याचं उत्तर म्हणून आमच्या घरातला एक दिवस सांगते. आमचं घर काही वेगळं नाही. सासूबाई चौथी शिकलेल्या, सासरे शेती बघतात, नवरा उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. थोरला घरी शिकून आता मराठी शाळेत जातो, धाकटी पाच वर्षांची आहे आणि घरीच आहे.

सकाळी सासरे डेअरीला दूध घालायला निघाले की धाकटी मागं लागते. तिथं लिटरचं माप, अर्ध्या लिटरचं माप, कार्डावर लिहिलेला आकडा. अर्धा लिटर दोनदा ओतला की एक होतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. परत येताना वाटेतल्या पाट्या वाचायचा हट्ट असतो. दुकानांवर कन्नड अक्षरं मोठी, कुठंतरी खाली मराठी. ती दोन्हींकडं बोट दाखवते आणि आजोबा दोन्ही सांगतात.

न्याहारी झाली की तासभर आम्ही सोप्यात बसतो. परातीत बारीक वाळू घेतलेली असते. अक्षरं मी तक्त्यावरच्या क्रमानं शिकवत नाही. आधी तीन शब्द घेतले: घर, नळ, गवत. तिन्ही तिच्या रोजच्या पाहण्यातले. त्यातून सात अक्षरं मिळतात: घ, र, न, ळ, ग, व, त. ती वाळूत गिरवायची, मग कागदाच्या तुकड्यांवर लिहून उलटसुलट मांडायची. वर, तळ, गळ असे शब्द तिचे तिलाच सापडतात. काना शिकवला त्या दिवशी तर घरात गोंधळ उडाला, कारण त्याच सात अक्षरांतून गाव, नाव, वारा, गारा, तारा, घागर, नारळ असे शब्द बाहेर यायला लागले आणि प्रत्येक शब्द घेऊन ती आज्जीकडं पळत होती. बाराखडी पाठ व्हायची वाट न बघता मूल वाचायला लागतं. देवनागरीची ही फार मोठी सोय आहे: जे अक्षर दिसतं तेच बोललं जातं, आणि घरात बोलली जाणारी भाषा तीच असेल तर वाचलेल्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. इंग्रजीत अक्षर वेगळं, उच्चार वेगळा, आणि शब्द कळला तरी त्याचा अर्थ घरात कुठंच दिसत नाही. तीन वर्षांच्या मुलावर ही तीन ओझी एकदम टाकली जातात.

गणिताला तर वेगळं बसावंच लागत नाही. तांदूळ निवडताना खड्यांचे दहा-दहाचे ढीग. घरात अजून जुनी मापं आहेत. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायली भरायला किती मापटी लागतील, हे तिनं आधी ओतून शोधलं आणि मग तोंडी सांगायला लागली. रताळी निघाली की मोठी, मधली, बारकी अशी निवडायची असतात. व्यापाऱ्याला ती तशीच लागतात. पाच वर्षांच्या मुलीला हे काम येतं आणि ते मनापासून करावंसं वाटतं, कारण ते खरं काम आहे. तिनं लावलेला ढीग पोत्यात जातो, फळ्यावरचा पुसला जातो तसा पुसला जात नाही.

दुपारी गोष्ट. पुस्तकातली एक मी वाचते आणि एक सासूबाई सांगतात. सासूबाईंची गोष्ट दर वेळी थोडी बदलते, आणि मागच्या वेळी असं नव्हतं म्हणून धाकटी भांडते. त्या भांडणात ती लांबच लांब वाक्यं बोलते. मला विचाराल तर दिवसातला सगळ्यात मोठा धडा तोच. मग झोप. उठल्यावर खेळ, परसातली झाडं, संध्याकाळी देवळात हरिपाठ. अर्थ कळत नाही, पण अभंग कानात बसतात.

बसून शिकणं, सगळं मिळून, दीड तासाच्या वर जात नाही. बाकी सगळं बोलणं आहे. मोठ्या माणसानं आपलं काम करता करता लहान मुलाशी त्याच्या भाषेत खरं बोलणं, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणं, आणि उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून शोधणं. एलकेजीच्या वर्गात एका बाईंपुढं चाळीस-चाळीस मुलं बसलेली असतात. तिथं हे बोलणं व्हायचं तरी कसं? त्यात मराठीत बोललास तर ओरडा बसतो. बाई स्वतः घरी मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या असतात. ओरडतात, कारण वर्गाचा नियम तसा असतो. त्यामुळं घरी दिवसभर बडबडणारं मूल वर्गात गप्प बसायला शिकतं. चार ओळी पाठ म्हणून दाखवल्या की पाहुणे कौतुक करतात, म्हणून आईबापांना ते मूल गप्प झालंय हे लवकर लक्षात येत नाही.

वर्षाचे सणही या शिकण्यात येतात. कर्नाटकी बेंदराला मातीचे बैल करायचे, चार पाय सारखे झाले नाहीत तर बैल उभा राहत नाही हे हातानं समजून घ्यायचं. दिवाळीत किल्ला करायचा. बेळगावात गल्लोगल्ली मुलं किल्ले करतात. बुरूज, तट, माची, विहीर यांची जागा ठरवताना त्यांच्यात जी चर्चा चालते ती ऐकण्यासारखी असते. आणि लावणीच्या दिवसांत बांधावर बसून तरवा कसा काढतात, चिखलात रोपं कुठल्या अंतरानं लावतात, हे बघायचं.

हे मी नवं काही सांगत नाही. तळहाताएवढ्या मुलांना त्यांच्या अंगणात, त्यांच्या भाषेत, त्यांच्या हाताशी असलेल्या वस्तूंनी शिकवायचं, हे महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी करून दाखवलं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केल्यावर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालवाडीचं काम सुरू केलं, पुढं अनुताई वाघांसह कोसबाडला गेल्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर नेली. आपल्या परसात ती सगळी साधनं आजही पडलेली आहेत, आणि आपण मात्र प्लास्टिकची एबीसीडी विकत आणतो.

आता आक्षेपांकडं येते, कारण ते मला रोज ऐकावे लागतात.

शेजारच्या काकू म्हणतात, "अगं वैनी, सगळ्यांची पोरं गेली, तुझीच तेवढी घरात. एकटी पडंल की ती." हा आक्षेप शहरातल्या बंद दारांच्या फ्लॅटसाठी खरा असेल. आमच्या गल्लीत एकटं राहायचं म्हटलं तरी राहता येत नाही. भाऊबंदांची, शेजारची मुलं दिवसभर आत-बाहेर करतात. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र खेळतात, त्यातून मोठं लहानाला सांभाळायला शिकतं. कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूरच्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेल्या नली-कली पद्धतीतही लहान-मोठ्या इयत्तांची मुलं एकत्र बसवून, खेळत, एकमेकांकडून शिकतील अशी रचना केली होती. सरकारी पद्धतीनं जे मुद्दाम घडवून आणलं ते गल्लीत आपोआप घडतं.

दुसरा आक्षेप फार खरा आहे आणि त्याला हलकं उत्तर देता येत नाही. घरात शिकवणारं माणूस कुठं आहे? आमच्याकडच्या बायका भांगलणीला जातात, वडगाव-शहापूरच्या बायका मागावर बसतात, कुणी उद्यमबागेत, कुणी लोकांच्या घरी धुणीभांडी करतात. ज्या बाईची रोजची मजुरी गेली तर संध्याकाळची चूल अडते, तिला घरी बसून मुलाला शिकव असं सांगणं क्रूरपणा आहे. मी ते सांगत नाही. आमच्या गल्लीत आम्ही चार घरांनी पाळी धरली आहे. ज्या दिवशी जिची पाळी, ती त्या दिवशी कामाला जात नाही किंवा अर्धा दिवस जाते, आणि चारही घरांची लहान मुलं तिच्याकडं असतात. सुगीच्या दिवसांत हे मोडतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांवर भार येतो. तरीही चाललंय. आणि जिथं हेही जमत नाही तिथं अंगणवाडी आहे. १९७५ पासून ही योजना देशात आहे, तिथं तीन ते सहा वयाच्या मुलांना जेवण मिळतं, वजन-उंची बघितली जाते, सेविका बहुतेक वेळा गावचीच असते. आपण अंगणवाडीला फक्त खिचडी मिळण्याची जागा मानलं आणि तिथं मराठी गोष्टींची पुस्तकं आहेत का, गाणी मराठीत म्हटली जातात का, हे कधी विचारलंच नाही. ज्या घरात दिवसा कुणीच नाही, त्या घराचं मूल अंगणवाडीत असावं. तेही घरच्या भाषेत, घराजवळ शिकणंच आहे. व्हॅनमध्ये बसून दहा किलोमीटर जाण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

आणि आईबाप शिकलेले नाहीत, हा मुद्दा मला मान्य नाही. वाचून दाखवायला थोरलं भावंड असतं, शेजारची दहावीतली मुलगी असते. बाकी जे द्यायचं ते न शिकलेल्या आज्जीकडंच जास्त असतं. उखाणे, कोडी, जात्यावरच्या ओव्या, कुठल्या नक्षत्राला काय पेरायचं याचा हिशेब. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनीच हे पाहिलं. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा भरले. मधे काही महिने विद्यागम म्हणून गुरुजींनी गल्लीत, देवळाच्या कट्ट्यावर मुलं जमवून शिकवलं, तेही बंद करावं लागलं. दीड वर्षाहून जास्त काळ प्रत्येक घर नाइलाजानं शाळा झालं होतं. ज्या घरात मुलाच्या हातात फोन देऊन मोठी माणसं आपापल्या कामाला लागली, तिथली मुलं मागं पडली. ज्या घरात कुणीतरी रोज त्यांच्याशी बोललं, त्यांच्याकडून काहीतरी करून घेतलं, तिथली टिकली. त्या टिकलेल्या घरांतली सगळी मोठी माणसं शिकलेली होती असं मुळीच नव्हतं.

कन्नडचं काय, असं काहीजण विचारतात, आणि विचारायलाच हवं. इथं राहायचं तर कन्नड यायला हवं, आणि चांगलं यायला हवं. जमिनीची पहाणी, म्हणजे उतारा, कन्नडमध्ये निघते, तालुका कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून कन्नड शिकवणं बंधनकारक झालंय, त्यात मराठी शाळाही आल्या. त्याच्याशी माझं भांडण नाही. आमच्या शेजारी एक कन्नड अज्जी राहतात. धाकटी त्यांच्या दारात गेली की त्या "बर्री, कुंड्री" म्हणतात आणि ती पायरीवर बसते. त्यांच्याकडून तिनं भाज्यांची, नात्यांची, रागावण्याची कितीतरी कन्नड उचललीय. लहान मूल शेजाऱ्याची भाषा अशीच शिकतं, खेळता-खेळता, ओझं न होता. घरी राहणाऱ्या मुलाला ही संधी जास्त मिळते, कारण व्हॅनमधून गेलेलं मूल दिवसभर मराठीपासूनही दूर असतं आणि कन्नडपासूनही.

इंग्रजीला माझा विरोध नाही. मराठी शाळेत इंग्रजी विषय असतोच, तो नीट शिकवला जावा यासाठी आपण शाळेच्या मागं लागलं पाहिजे. पण आधी एका भाषेत वाचायला आलेलं मूल दुसरी भाषा लवकर उचलतं. कुठल्याच भाषेत धड न वाचता येणारं मूल दोन्हींकडं अडखळतं. युनेस्कोनं १९५३ मध्येच सांगितलं होतं की मुलाला शिकवायचं सर्वांत चांगलं माध्यम त्याची मातृभाषा. आपल्या देशाचं २०२० चं शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तिथं आठवीपर्यंत घरची भाषा असावी असं म्हणतं. धोरणं बदलतील, सरकारं बदलतील, पण मुलाचा मेंदू काही बदलणार नाही.

आता माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग, ज्यावर माझ्यासारखीच मुलं घरी शिकवणाऱ्या काही मैत्रिणी माझ्याशी भांडतात. टिळकवाडी, शहापूरकडं अशी काही शिकलेली घरं आहेत ज्यांना सहानंतरही मूल घरीच ठेवायचंय. पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, ती संस्था १९८९ पासून आहे, तेव्हा अडचण काय, असं त्या म्हणतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. आजारी मुलासाठी, किंवा ज्या मुलाला शाळेत सांभाळून घेत नाहीत अशा मुलासाठी, तो मार्ग अगदी योग्य आहे. पण बाकीच्यांनी इथं, सीमाभागात, तो धरू नये असं मला कळकळीनं वाटतं.

याचं एक कारण म्हणजे आकडा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावं यासाठी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक सूत्र ठरलं: शाळेत अशी चाळीस मुलं किंवा एका वर्गात दहा मुलं असली तर त्यांच्या भाषेत शिकवायचं, त्या भाषेचा शिक्षक नेमायचा. पुढं १९५६ मध्ये घटनेत ३५० अ हे कलम आलं आणि मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय करणं ही राज्याची जबाबदारी ठरली. आपले सगळे हक्क शेवटी वर्गात बसलेल्या मुलांच्या डोक्यांवर मोजले जातात. एक मूल इंग्रजीत गेलं काय आणि एक मूल घरी राहिलं काय, पटावर ते एक नावानं कमीच दिसतं. नऊ मुलांच्या वर्गातल्या दहाव्या मुलाच्या आईला हे कुणीतरी सांगायला हवं. कायद्याप्रमाणंही सहा पूर्ण झालेल्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे.

आणि दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. घर कितीही चांगलं असलं तरी ते एका जातीचं, एका आडनावाचं, एका गल्लीचं असतं. आमच्या चार घरांची पाळी चालते, कारण ती चार घरं एकमेकांची आहेत. गावाच्या पलीकडच्या वस्तीतलं मूल आमच्या सोप्यात येत नाही, आणि आमचं मूल तिथं जात नाही. हे मोडायला हवं आणि ते पहिलीच्या वर्गातच मोडतं. एका बाकावर बसणं, एकमेकांच्या डब्यातलं खाणं, एकाच गुरुजींचा मार खाणं किंवा शाबासकी मिळवणं. घरातून हे देता येत नाही. घरी शिकवण्याची ही मर्यादा आम्ही शिकवणाऱ्यांनीच मोठ्यानं सांगितली पाहिजे, नाहीतर जी सवय आम्ही मराठी टिकवायला म्हणून धरली तीच मराठी समाजाला आणखी छोट्या-छोट्या कप्प्यांत वाटून टाकील.

मात्र शाळेत गेलं म्हणून घरचं शिकणं थांबत नाही. थोरला आता शाळेत जातो, तरी संध्याकाळी अर्धा तास आम्ही दोघं वाचतो आणि रविवारी तो धाकटीला शिकवतो. शाळेत जाऊन तो जे शिकला त्यात भर घालण्यापेक्षा, तो काय शिकला हे त्याच्याकडून ऐकून घेण्यात माझा वेळ जास्त जातो.

मग करायचं काय, तर काही कामं अगदी हाताशी आहेत. पहिलीच्या बाईंनी जूनचे पहिले पंधरा-वीस दिवस पाटी बाजूला ठेवून मुलांना नुसतं बोलू द्यावं, आई-आज्ज्यांना वर्गात येऊन बसू द्यावं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. एवढी जुनी परंपरा असलेल्या भागात एका गावातून दुसऱ्या गावात लहान मुलांच्या पुस्तकांची पेटी फिरवणं अवघड नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथं दरवर्षी साहित्य संमेलनं होतात, हजारो माणसं मांडवात बसतात. त्यातलं एक सत्र तीन ते सहा वयाच्या मुलांच्या आयांसाठी असावं, भाषणाचं नव्हे, प्रत्यक्ष करून दाखवण्याचं. गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा वाटा गल्लीतल्या अंगणवाडीच्या मराठी पुस्तकांसाठी काढता येईल. आणि पुढच्या पहिलीत दहाच्या वर नावं होतील का, हे शाळा सुधारणा समितीनं जूनमध्ये मोजायला घेऊ नये. आदल्या दिवाळीतच घरोघर जाऊन यादी करावी, कारण ती मुलं तेव्हा पाच वर्षांची होऊन आपापल्या गल्लीत किल्ले करत असतात, आणि त्यांतली जी अजून घरी किंवा अंगणवाडीत आहेत त्यांच्या आईबापांनी पहिलीचं काही ठरवलेलं नसतं.